दिवो रवणा नाय

"मॅडम, दिवो रवणा नाय."

धोंडूमामांचा हा फोन सकाळी साडेदहाला आला, तेव्हा मी मरोळच्या ऑफिसात प्रसादशी भांडत होते. प्रसाद आमचा सेल्स मॅनेजर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, जिभेवर साखर, डोक्यावर बर्फ. एका अत्तराच्या कन्साइनमेंटला तो 'कॉस्मेटिक्स' म्हणत होता आणि मी 'ज्वालाग्राही द्रव' म्हणत होते. आमचं हे रोजचंच.

"दिवा राहत नाही म्हणजे काय, मामा?"

"कंटेनरात. लावलंय काय इजता. तीनदा लावलंय, तीनदा इजलो. वारो नाय, काय नाय."

माझं डोकंच फिरलं. धोंडूमामा आमच्या भांडुपच्या गोडाऊनचे मुकादम. माल भरणारी सात-आठ माणसं त्यांच्या हाताखाली. मुंबईत चाळीस वर्षं काढली, पण बोलणं अजून मालवणचंच. कंटेनर भरायला घेताना ते चपला काढून दारातल्या फळीवर एक दिवा लावणार, आणि भरून झाला की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणार. "बा देवा म्हाराजा, ह्यो कंटेनर हंयसून भायर पडता हा, तेका वाटेत कसली आडकाठी येव नये म्हाराजा!" आणि मागून सगळी माणसं, त्यात दोन बिहारची, एका सुरात, "व्हय म्हाराजा!" ऐकायला झकास वाटायचं. पण माझं काम धोकादायक मालाचं. मी त्यांना बजावून ठेवलं होतं की नारळ कितीही फोडा, गाऱ्हाणं तासभर घाला, पण कंटेनरात आग न्यायची नाही. समोर मान हलवायचे. मागे दिवा लावायचे.

"मामा, तुम्हाला शंभर वेळा सांगितलंय ना, आग…"

"ता ऱ्हवांदे, मॅडम. मनी आत निजली हा. हाक मारतंय, उठणा नाय."

मनी म्हणजे गोडाऊनची पांढरी मांजर. मामांच्या डब्यातला मासा तिचा असायचा.

"कंटेनर कधी बंद केला होता?"

"चार दिस झाले. मनी तेव्हाच आत गेली आसतली. आम्ही सगळ्या कंपाउंडात सोदत होतो."

चार दिवस कोंडलेलं मांजर दार उघडल्यावर काय करेल? उडी मारून पळेल, ओरडेल, ओरबाडेल. झोपून राहणार नाही. प्रसाद समोर बसून मोबाइल बघत होता.

"मामा, कोणी आत गेलंय का?"

"नाय. दिवो भायरसून हात लांब करून ठेवलंय. पोरां भियाली हत."

"कोणीही आत जायचं नाही. दारापासून लांब उभे राहा. मी येते."

एक गोष्ट सांगायची मी विसरले. दार उघडं ठेवा, हे मी बोललेच नाही.

हा कंटेनर कसला, ते आधी सांगते. मी एका फॉरवर्डिंग कंपनीत कम्प्लायन्स बघते. लोकांचा माल परदेशी पाठवायचा, विमानाने किंवा बोटीने, हे कंपनीचं काम. त्यातला कुठला माल पेटतो, कुठला गंजवतो, कुठला फुटतो, हे ओळखून तसे कागद, तसं पॅकिंग, तशी लेबलं करून घ्यायची, हे माझं काम. लोकांना वाटतं धोकादायक माल म्हणजे बॉम्ब नाहीतर ॲसिड. नाही हो. मोबाइलची बॅटरी, नेलपॉलिश, कोळसा, कापसाच्या ओल्या गाठी, सगळे त्या यादीत आहेत. आणि मासळीची पूडसुद्धा आहे.

हसू नका. मासळी सुकवून दळली की तिच्यात तेल राहतं. ते तेल हवेशी खेळत बसतं आणि पूड आतल्या आत तापते. कोणी काडी लावावी लागत नाही. म्हणून पूड नीट निवू द्यायची, तिच्यात अँटिऑक्सिडंट नावाचं औषध घालायचं, म्हणजे ती शांत राहते. आणि घातल्याचं सर्टिफिकेट प्रत्येक लॉटबरोबर हवं. एवढं असेल तर ती जाते. नसेल तर जात नाही. कित्येक शिपिंग लाइन्स तर नावच ऐकून बुकिंग नाकारतात.

मग सेल्सवाले काय करतात? बारसं करतात. या कंटेनरच्या कागदांवर लिहिलं होतं, 'पशुखाद्य पूरक पावडर'. खाली पार्टीचा शिक्का, प्रसादची सही आणि त्याखाली माझी.

हो, माझी. पशुखाद्य म्हटल्यावर मी दुसरं पान उलटलं नाही.

प्रसादला म्हटलं, "गाडी काढ. भांडुपला जायचंय."

"ताई, मला बारा वाजता मीटिंग आहे यार."

"काढ म्हणते ना."

ऑक्सिजन मीटर माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, जुन्या रेडिओएवढा. तो पर्समध्ये कोंबला. जेव्हीएलआरच्या रस्त्याला लागल्यावर विचारलं, "प्रसाद, ते पशुखाद्य म्हणजे काय आहे रे?"

"फीड आहे. कोंबड्यांचं."

"कशाचं केलेलं?"

तो सिग्नलकडे बघत राहिला.

"मासळीची पूड आहे ना?"

"टेक्निकली बघितलं तर…"

"टेक्निकली घाल चुलीत! औषध घातलंय का तिच्यात?"

"पार्टी म्हणाली घातलंय. सर्टिफिकेट पण आहे ना. मागच्या लॉटचं."

"या लॉटचं?"

"येणार होतं. बंदरात माल द्यायचा कट-ऑफ आज संध्याकाळचा आहे ताई. साठ पोती फॅक्टरीतून यायची राहिली होती म्हणून अर्धा भरून बंद केला. ती आज सकाळी आली. भरून संध्याकाळपर्यंत न्हावा शेवाला टाकला की सुटलो. तू उगाच टेन्शन घेतेस. मांजर झोपलीय आणि म्हाताऱ्याचा दिवा विझतोय, त्यात काय एवढं!"

मी मामांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. त्यांचा फोन शर्टाच्या खिशात असतो आणि रिंगटोन एवढी मोठी, की बाजूच्या गॅरेजात ऐकू येते. ते उचलत नाहीत असं कधी होत नाही.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

माझं माहेर मढचं. कोळीवाड्यातलं. लहानपणी सुक्या मासळीचे ढीग माझ्या उशापायथ्याशी असायचे. आई ढीग लावायच्या आधी त्यात कोपरापर्यंत हात घालून बघायची. "ऊन मासली ढिगान घालू नको गो बाय. ती आतून जलते." हे मला बोर्डाच्या परीक्षेआधी पाठ होतं. पुढे लग्न होऊन मुलुंडला आले. तिथे पहिल्या वर्षी बोंबील तळले, तर शेजारच्या काकू दार वाजवून म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे काही कुजलंय का?" त्यानंतर तीस वर्षं मी आधी खिडक्या लावते, एक्झॉस्ट लावते, उदबत्ती लावते, आणि मग मासे तळते. नाकाने कांदे सोलणाऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये राहून मी पण तेच शिकले.

चार दिवसांपूर्वी भांडुपच्या गोडाऊनशेजारच्या नव्या टॉवरचे सेक्रेटरी गेटवर आले. कंटेनरातून मासळीचा वास येतो, बायका गॅलरीत उभ्या राहू शकत नाहीत, वरपर्यंत तक्रार करू, वगैरे. मामांनी मला फोन जोडून दिला. 'मासळीचा वास' एवढे दोन शब्द ऐकून मला सगळं कळायला हवं होतं. पशुखाद्याला मासळीचा वास कुठून? पण मला ऐकू आल्या शेजारच्या काकू. माझा चेहरा गरम झाला. मी सेक्रेटरींची माफी मागितली आणि मामांना सांगितलं, "कंटेनरच्या व्हेंट्सवर टेप मारा. दारांच्या फटींवर पण मारा. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

व्हेंट्स म्हणजे कंटेनरच्या वरच्या कडेला असलेली हवेची बारीक भोकं.

मामा म्हणाले होते, "मॅडम, मालाक वारो नको?"

आणि मी म्हणाले होते, "चाऱ्याला कशाला हवा वारा?"

गाडीत पवई मागे पडेपर्यंत हे वाक्य माझ्या कानात वाजत होतं. फोनची रिंग पण वाजत होती. कोणी उचलत नव्हतं.

कंपाउंडात शिरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. ऑक्टोबरचं ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. दुपारच्या या वेळेला तिथे ट्रकची घरघर, शिव्या, रेडिओ, सगळं चालू असतं. त्या दिवशी आवाज नव्हता. माणसं लांब भिंतीच्या सावलीत ओळीने उभी होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भिंतीवर मांजरं बसली होती. पाच-सहा तरी. मासळीचा कंटेनर समोर असताना एकही खाली उतरलेली नव्हती. सगळ्यांची तोंडं कंटेनरकडे होती.

मला आधी वाटलं, मी उगाच घाबरतेय म्हणून असं दिसतंय. मग लक्षात आलं, कावळेही नाहीत.

कंटेनर निळा, चाळीस फुटी. वरच्या कडेला रुपेरी टेपच्या पट्ट्या चमकत होत्या. माझ्या सांगण्यावरून मारलेल्या, अगदी सफाईने. आणि दार बंद होतं.

"दार कोणी लावलं?" मी गाडीतूनच ओरडले.

भिंतीकडचा एक जण म्हणाला, "आम्हीच लावला मॅडम. ती मांजर तशी दिसत होती ना. बघवेना."

म्हणजे सकाळी जी काही थोडी हवा आत शिरली असेल, तीही तासाभरात त्या पोत्यांनी खाऊन टाकली असणार. तापणारी मासळी हवेतला ऑक्सिजन खाते. घट्ट बंद खोलीत ती एवढा खाते, की माणसाला उरत नाही. अशा खाल्लेल्या हवेला रंग नाही, वास नाही. दिव्याला मात्र कळतं.

"मामा कुठायत?"

कोणी उत्तर द्यायच्या आत कंटेनरच्या मागून मामा आले. पायात चपला नव्हत्या. एका हातात पेटलेला दिवा, दुसऱ्या हाताने त्यांनी दाराचा दांडा फिरवला आणि एक झाप उघडली. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मामा! थांबा!"

"मनी हालली, मॅडम," ते आत बघत म्हणाले. "आता बघलंय फटीतसून. जित्ती आसा ती."

"मामा, आत जाऊ नका! मामा!"

मी धावत होते. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचं ते धावणं. ते फळीवर चढले. आत दोन्ही बाजूंना पोत्यांच्या थप्प्या, मधून माणूस जाईल एवढी वाट. आठ-दहा फुटांवर एका पोत्यावर मनी गोल होऊन पडली होती, शेपटी नाकावर. मामांनी एक पाऊल आत टाकलं. दिव्याची ज्योत आडवी झाली, निळी झाली, आणि गेली. फुंकर नाही, काही नाही. ते थांबले नाहीत. दोन पावलं, तीन, चार. "मने, गो मने," असं हळूच म्हणाले.

मग ते बसले.

पडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. उन्हातून घरी आलेला माणूस जसा उंबऱ्यावर टेकतो, तसे ते शांतपणे बसले. ओरडले नाहीत, गळा धरला नाही, मागे वळून बघितलं नाही. थोडा वेळ बसून राहिले. मग एका कुशीवर आडवे झाले. दिवा हातातून घरंगळत दाराकडे आला आणि फळीवर अडकून राहिला. सगळा प्रकार आवाज न होता झाला.

प्रसाद माझ्या बाजूने सुटला. मी मागून त्याचा शर्ट धरला. दोन बटणं तुटली.

"सोड ताई! मरेल तो!"

"तू गेलास तर दोघं मराल! प्रसाद, तुझं पोर पहिलीत आहे. थांब!"

"अगं तो समोर पडलाय!"

समोरच होते. बारा फुटांवर. हात लांब केला तर मिळतील असं वाटत होतं. अशा ठिकाणी मेलेल्यांत अर्धे तरी वाचवायला गेलेले असतात, हे मी दर ट्रेनिंगमध्ये सांगते. सांगणं सोपं असतं. त्या क्षणी मला स्वतःलाच आत उडी घ्यावीशी वाटत होती. त्यांना आत मीच पाठवलं होतं, चार दिवसांपूर्वी, फोनवरून.

"दुसरी झाप उघडा!" मी ओरडले. "टेप फाडा सगळी! फॅन आणा ऑफिसातला! आणि ती आकडी!"

आकडी म्हणजे लांब बांबूला बांधलेला लोखंडी हूक. वरच्या थरातली पोती खाली ओढायला वापरतात. इतका वेळ भिंतीला चिकटलेली माणसं एकदम जागी झाली. दोघांनी दुसरी झाप उघडली, एक जण शिडी लावून टेप ओरबाडायला लागला, एकाने फॅन आणला तर वायर पुरेना. आकडी आली. प्रसादनेच ती हातात घेतली. त्याला मी कमरेला धरून ठेवला, तोंड दाराबाहेर राहील असा.

पहिल्यांदा हूक शर्टात अडकला आणि शर्ट टर्रकन फाटला. मामा हलले नाहीत. दुसऱ्यांदा हूक फळीवर आपटला. प्रसाद रडत होता आणि शिव्या देत होता, स्वतःला की मला ते कळलं नाही. मी मनात आकडे मोजत होते. पाचव्या आकड्यानंतर परत एकपासून सुरू करत होते, कारण पुढे जायची हिंमत नव्हती.

तिसऱ्यांदा हूक मामांच्या पट्ट्यात गेला.

"ओढा!"

चौघांनी बांबू ओढला. मामा फळीवरून सरकत आले, पोतं सरकावं तसे. दारात आल्याबरोबर त्यांना पायाला धरून बाहेर घेतलं, उन्हात निजवलं. ओठ जांभळे पडले होते. प्रसाद छातीवर दाब द्यायला बसला, कुठे शिकला होता देव जाणे. मी त्यांचा हात धरून बसले. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. बाप गेला तेव्हाही नाही.

मग मामांनी श्वास घेतला. मोठा, घरघरता, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, "व्हय म्हाराजा."

कोणी हसलं नाही. मी मात्र हमसून हमसून रडले, सगळ्यांसमोर.

प्रसादच्या गाडीतून त्यांना मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. मी थांबले. मीटर आकडीला बांधला आणि बांबू आत सरकवला. दोन्ही झापा उघड्या, टेप निघालेली, फॅन चालू, तरी मीटर आत जाताच किंचाळायला लागला. बाहेरच्या हवेत तो एकवीस टक्के ऑक्सिजन दाखवतो. आत त्याने अकरा दाखवला. दार बंद असताना किती असेल, याचा मी हिशेब केला नाही. कंटेनरच्या पत्र्याला, सावलीच्या बाजूला, तळहात लावून बघितला. ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखा तो गरम होता. तेवढ्यात मागच्या थप्पीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. पोटभर हवा मिळाल्यावर मासळी आता नीट पेटायला निघाली होती.

फायर ब्रिगेडला फोन मी आधीच केला होता. ते तोंडावर मास्क आणि पाठीवर सिलिंडर लावून आत गेले. पोती एकेक करून बाहेर काढली, मोकळ्या जागेत पसरली. मधली काही पोती आतून काळी पडली होती. त्यांच्यातला एक जण मनीला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला. ती लाकडासारखी कडक होती. दोन-तीन दिवस आधीच गेली असणार, त्यात शंका नाही.

मग भिंतीवरची मांजरं खाली उतरली. मनीपाशी कोणी गेलं नाही. सगळी गेटमधून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मामांना भेटायला गेले. बसते झाले होते, पेज पीत होते.

"मामा, मी नको म्हणून ओरडत होते. का गेलात?"

"ती हालली, मॅडम. शपथ सांगतंय."

"आणि आत गेल्यावर काय झालं? घुसमटलं का?"

"नाय ओ." त्यांनी वाटी खाली ठेवली. "असां बरां वाटला माका. चाळीस वर्सां पोती उचलतंय, असां कदी वाटूक नाय. वाटला, जरा बसूया. मनी माज्याकडे बघी होती. डोळे उगडे. माका म्हणी, बस हंय."

मनीला बाहेर काढताना मी बघितली होती. डोळे मिटलेले होते.

"मॅडम, फोन तुमचो वाजत होतो ना? ऐकलंय मी. पण मनीन हाक मारल्यान म्हणून उचलूक नाय."

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. मनीच्या डोळ्यांचं खरं काय ते त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

नंतर रिपोर्ट. अशा घटनेचा रिपोर्ट लिहावा लागतो आणि तो मीच लिहिते. वागळे सर, म्हणजे आमचे मालक, यांनी तो दोनदा वाचला.

"मालाचं नाव चुकीचं दिलं, सर्टिफिकेट जुनं होतं, हे बरोबर आहे. प्रसादने पण मान्य केलंय. पण हे काय? 'व्हेंट्स आणि फटी कम्प्लायन्स हेडच्या तोंडी सूचनेवरून बंद केल्या.' हे कोणी विचारलंय तुला?"

"कोणी नाही."

"मग? तू पंचवीस वर्षं इथे आहेस. लोक काय म्हणतील? कम्प्लायन्सवालीनेच…"

"तेच म्हणतील, सर."

"टेप मुकादमाने चुकून लावली असंही लिहिता येतं. तो काही बोलणार नाही."

"तो बोलणार नाही, म्हणूनच मी लिहिलंय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सही केली. माझं एक वर्षाचं प्रमोशन गेलं. प्रसादचं पण गेलं. तो आता कुठल्याही मालाचं नाव लिहायच्या आधी मला विचारतो, "ताई, याचं खरं नाव काय?" कधीकधी कंटाळा येईपर्यंत विचारतो.

मामा महिन्याने कामावर आले. घरी बसा म्हटलं तर ऐकेनात. आता कंटेनरात दिवा नाही. चपला काढून ते दारात उभे राहतात, माझा मीटर आकडीला बांधून आत सरकवतात, आकडा मोठ्याने वाचतात. एकवीस आला तरच गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, एकवीस इलो हा, असोच ऱ्हवांदे म्हाराजा." मागून "व्हय म्हाराजा." कुठल्या मॅन्युअलमध्ये ही पद्धत नाही. मी ती लेखी करून भिंतीवर लावली आहे, गाऱ्हाण्यासकट. दारापाशी मामा एक रिकामी वाटीही ठेवतात. का, ते मी विचारलं नाही.

मासळीची पूड आम्ही अजून पाठवतो. खऱ्या नावाने, त्याच लॉटच्या सर्टिफिकेटने, आणि भरायच्या आधी मी स्वतः एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघते. व्हेंट्स उघडे असतात. त्यामुळे टॉवरचे सेक्रेटरी गेल्या महिन्यात पुन्हा गेटवर आले. या वेळी मी समोरच होते.

"मॅडम, परत तो मासळीचा वास यायला लागलाय. बायका गॅलरीत उभ्या राहू शकत नाहीत."

"येतोय ना वास?" मी विचारलं. "रोज येतोय ना?"

"रोज येतोय!"

"मग ज्या दिवशी यायचा बंद होईल ना, त्या दिवशी मला लगेच फोन करा," असं म्हणून मी त्यांना माझा नंबर लिहून दिला.